प्लास्टर काढायची तारीख : मंडळीतल्या शिस्तीबद्दल नव्या पंचांसाठी

मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांचं, जुनं रजिस्टर एकदा उघडून बघा. नाव कमी केल्याच्या नोंदी लगेच सापडतात. तारीख, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सगळं जिथल्या तिथे. मग त्याच रजिस्टरात कोणाला परत घेतल्याची नोंद शोधा. मी पंच झालो त्या वर्षी मे महिन्यात शोधली होती. ऑफिसातला कूलर बंद, बाहेर नागपूरचं ऊन, आणि मी तीन दुपारी पानं उलटत बसलेलो. काढलेल्यांच्या ११ नोंदी निघाल्या. परत आलेल्याची एक, तीही समासात, पेन्सिलने.

त्या अकरांपैकी चौघांना मी ओळखत होतो. त्यातला एक जण दर नाताळला रस्त्याच्या पलीकडे स्कूटर लावून कॅरल ऐकत उभा राहायचा. त्याला आत बोलवायचा अधिकार नेमका कोणाचा, हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं. काढायला ठराव होता, घ्यायला नव्हता.

यंदा पहिल्यांदा पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या समितीवर, निवडून आलेले, वडीलजन म्हणून नेमले गेलेले, किंवा सेमिनरीतून नुकतेच आलेले तरुण पाळक, अशांसाठी हे लिहितो आहे. पापात सापडलेल्या सभासदाचं प्रकरण पहिल्यांदा टेबलावर येतं तेव्हा पोटात गोळा येतो. येऊ द्या. ज्याला ते करायची हौस वाटते, त्याला या कामापासून चार हात लांब ठेवावं असं माझं मत आहे.

आधी घरचे नियम काढा

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्म आपल्याच गावचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या. म्हणून आजही एकाच बाकावर अँग्लिकन आजोबांचा नातू, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आजीची नात आणि बाप्टिस्ट घरातून आलेली सून बसलेली असते. 'शिस्त' म्हटलं की तिघांच्या डोळ्यांपुढे तीन चित्रं येतात. अँग्लिकन माणसाला आठवतात पाळक आणि बिशप. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून. त्या वळणाच्या माणसाला आठवतं वडीलजनांचं मंडळ. बाप्टिस्ट म्हणणार, सगळ्या मंडळीला विचारा. मेकोसाबागेकडच्या मेथडिस्टांचं शिस्तीचं स्वतःचं पुस्तकच आहे. कॅथलिकांची वाट निराळी. पापस्वीकारात फादरांना सांगितलेलं कुठल्याही कमिटीपुढे येत नाही, येऊ शकत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या चर्चची घटना आणि उपनियम यांची प्रत मिळवणं. कपाटाची किल्ली सापडत नाही असं उत्तर मिळेल, तरी मिळवा. त्यात तीन गोष्टी शोधा. प्रभुभोजनापासून, म्हणजे आराधनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून, थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, यादीतून नाव कमी कोण करू शकतं, आणि ज्याच्यावर कारवाई झाली त्याने दाद कुठे मागायची. तिसरं उत्तर बहुतेक पंचांना ठाऊक नसतं, आणि ते ज्याला सांगायला हवं त्याला तर कोणी सांगतच नाही.

हे शिस्तीचं प्रकरण आहे तरी का?

वर्गणी थकली, हे पाप नव्हे. पाळकसाहेबांचा उपदेश लांबतो असं कोणी बोललं, हे पाप नव्हे. दुसऱ्या मंडळीच्या उपवास प्रार्थनेला जाणं, गळ्यातलं मंगळसूत्र न काढणं, बायबलबद्दल अवघड प्रश्न विचारणं, यातलं काहीही तुमच्या टेबलावर येऊ देऊ नका. आणखी एक खूण सांगतो. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीच्या तोंडावर अचानक कोणाचं तरी जुनं पाप आठवू लागलं, तर आधी मतदारयादी बघा.

शिस्त लागते ती उघड, गंभीर आणि चालूच असलेल्या पापासाठी. मंडळीच्या पैशाची अफरातफर, व्यभिचार, बायकोला मारहाण, खोटी साक्ष, एखाद्याला उद्ध्वस्त करणारी निंदा. 'चालूच असलेल्या' या शब्दांवर जोर द्या. पडलेला आणि रडत उठू पाहणारा माणूस शिस्तीचा विषय नाही, सोबतीचा विषय आहे.

इथेच एक अपवाद सांगून ठेवतो, कारण यात चुकाल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं, तर एकट्याने जाऊन समजावणं वगैरे काहीही करायचं नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. संस्थेचा प्रमुख असाल तर शिक्षा आणखी मोठी. लहान मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२, हे दोन नंबर वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या, भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. घरातल्या मारहाणीतही आधी त्या बाईची सुरक्षितता, मग बाकीचं. "मंडळीचं नाव खराब होईल" हे वाक्य अशा वेळी कोणीतरी हमखास बोलतं. बहुधा तो माणूस चांगलाच असतो. ऐकू नका.

पहिलं पाऊल : एकट्याने जा

बायबलमधल्या मत्तय १८ च्या १५ ते १७ या तीन ओव्या सगळ्यांना पाठ असतात. त्यांच्या आजूबाजूला काय आहे ते मात्र कोणी बघत नाही. त्यांच्या लगेच आधी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे, नव्व्याण्णव सोडून एकामागे जाणाऱ्या मेंढपाळाची. थोड्याच पुढे पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, आणि त्याला मिळालेला आकडा कमिटीच्या इतिवृत्तात मावणारा नाही. शिस्तीचा नियम या दोहोंच्या मध्ये लिहिलेला आहे. तो सुटा काढून वाचला की त्याचा दंडुका होतो.

एकट्याने म्हणजे खरंच एकट्याने. बायकोला सांगून नाही, पाळकांना आधी कल्पना देऊन नाही. आपल्याकडे चुगलीला एक पवित्र नाव आहे : "प्रार्थनेचा विषय". "एक प्रार्थनेचा विषय आहे बरं का, पण कोणाला सांगू नका," असं म्हणत बातमी शनिवारच्या बायबल स्टडीत शिरते आणि रविवारच्या चहापर्यंत जरीपटक्याहून धरमपेठेला पोचते. मग तुम्ही त्या माणसाच्या दारात उभे राहता तेव्हा त्याला आधीच सगळं कळलेलं असतं, आणि दार उघडायच्या आधीच मन बंद झालेलं असतं. माझ्या पाहण्यात जी प्रकरणं चिघळली, त्यातली बहुतेक पापामुळे चिघळली नाहीत. पहिलं पाऊल टाकायच्या आधी चार जणांना सांगितल्यामुळे चिघळली.

फोनवर बोलू नका, मेसेज तर नकोच. आराधना सुटल्यावर पोर्चमध्ये गाठू नका. घरी जायचं तर पोरं शाळेत असतील अशा वेळी. घरी सोयीचं नसेल तर बाहेर भेटा, फुटाळा तलावाच्या काठी बसा. पुरुष पंचाने एकट्या बाईच्या घरी जाऊ नये; ते काम मंडळीतल्या एखाद्या जाणत्या मावशीचं. काय पाहिलं, काय ऐकलं, एवढंच सांगा. आरोप न करता विचारा. मग गप्प बसा. गप्प बसणं हे सगळ्यात अवघड.

आमच्या मंडळीतलं एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावाचे १८,००० रुपये बँकेत जमा झाले नव्हते. खजिनदार माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी गेलो आणि म्हटलं, "भाऊ, लिलावाचे पैसे पासबुकात दिसून नाही राहिले. मला काळजी वाटते. काय झालं ते मला सांगाल का?"

ते उठले, पाणी आणलं, परत बसले. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरीच्या ॲडमिशनले भरले. पुढच्या महिन्यात टाकतो म्हनलं होतं. तो महिना आलाच नाही."

असं कबूल झालं की काय करायचं? पाप दोघांमधलं असेल, म्हणजे त्याने तुमच्याबद्दल वाईट बोललं, तुमची उधारी बुडवली, तर क्षमा करा आणि तिथेच संपवा. पाळकांनाही सांगायचं कारण नाही. पैसा मंडळीचा असेल तर तो तुम्ही एकट्याने माफ करू शकत नाही. तो तुमचा नाहीच. ट्रस्टचे हिशेब ऑडिटरकडे जातात, धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तेव्हा मी त्यांना म्हटलं, "हे कमिटीला तुम्हीच सांगा. मी तुमच्या बाजूच्या खुर्चीवर बसतो." आपणहून सांगायची संधी मिळालेला माणूस आणि पकडलेला माणूस यांच्यात फार अंतर असतं, आणि ती संधी देणं तुमच्या हातात असतं.

कबूल झाला नाही तर? पुन्हा जा. एकदा जाऊन आलो, झालं, दुसरं पाऊल टाकायला मोकळा, असा हिशेब करू नका. मी साधारण महिनाभरात तीन वेळा जातो. काही जण तिसऱ्या वेळी चहा विचारतात. तिथून गोष्ट हलते.

दुसरं पाऊल : दोघे-तिघे

इथे कोणाला न्यायचं हाच सगळा प्रश्न आहे. त्याचा विरोधक नको, त्याचा मेहुणाही नको. ज्याचं तो ऐकतो असा एक, आणि ज्याला तोंड आवरतं असा एक. प्रकरण बाईचं असेल तर सोबत बाई हवीच. हे दोघे साक्षीदार म्हणून येतात, फौज म्हणून नाही. तुमचंच चुकतं आहे असं त्यांना वाटलं तर तसं सांगायची त्यांना मोकळीक हवी. एकदा माझ्याबरोबर आलेल्या काकांनी परतताना मलाच सांगितलं, "तुझी माहिती अर्धी होती रे." बरोबर होतं ते. प्रकरण तिथे संपलं, आणि मी त्या घरी माफी मागायला चौथ्यांदा गेलो.

आरोप पाळकांवर किंवा वडीलजनांवर असेल तर १ तीमथ्य ५:१९ वाचा : दोन-तीन साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही. पण त्याची पुढचीच ओवी सांगते की दोष ठरला तर सर्वांसमोर. या दोन ओव्यांपैकी आपल्या सोयीची एकच वाचायची खोड सगळीकडे आहे. पाळकांवरची तक्रार पास्टोरेट कमिटीने स्वतः मिटवायची नसते, ती बिशपकडे किंवा तुमच्या परंपरेत जो वरचा अधिकारी असेल त्याच्याकडे लेखी जाते.

तिसरं पाऊल : कमिटीपुढे

यावर थोडक्यात. त्या माणसाला किमान आठवडाभर आधी लेखी पत्र द्या, त्यात नेमका आरोप लिहा. त्याला बोलू द्या, हवा तर एक सोबती आणू द्या. ज्या पंचाचं त्याच्याशी जमिनीचं, लग्नाचं किंवा भाऊबंदकीचं भांडण आहे, त्याने त्या बैठकीपुरतं बाहेर बसावं. इतिवृत्तात निर्णय आणि कारण लिहा, रसभरित वर्णन नको. आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य गेलं तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते. ती झाली नाही तरी त्याच्या पोरीने शाळेत ते वाचलेलं असतं.

मंडळीला सांगायचं का? पाप जेवढं पसरलं आहे तेवढ्यांनाच. सगळ्यांना माहीत असेल तर सगळ्यांना, दोन वाक्यांत, नावासह पण तपशिलाशिवाय. स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी पश्चात्तापाचं एक स्टूलच असे. दोषी माणसाला रविवारमागून रविवार सगळ्यांसमोर त्यावर बसवत. आपल्याकडच्या जुन्या सवयींत त्या स्टुलाची सावली कुठेतरी आहे, आणि त्यावर बसवलेल्यांत बायकाच जास्त, असा माझा अनुभव. पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीला प्रभुभोजन बंद. ज्याच्याबरोबर ती पळाली तो मुलगा त्याच मंडळीचा असूनही गिटार वाजवायला स्टेजवर. असं काही ठरत असेल तर हात वर करून विचारा, "आणि तो?"

चौथं पाऊल : ठराव, आणि त्यावरची तारीख

गलतीकरांस ६:१ मध्ये पडलेल्याला नीट करा, असं म्हणताना पौलाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याच शब्दाने मत्तय ४:२१ मध्ये कोळी जाळी नीट करताना दाखवले आहेत. त्याच काळातले वैद्य हाड बसवायलाही तो शब्द वापरत. हाड बसवताना दुखतं, आणि नंतर काही दिवस हात बांधून ठेवावा लागतो, हे खरं. पण मेडिकल कॉलेजमधला शिकाऊ डॉक्टरसुद्धा प्लास्टर घालताना ते काढायला कधी यायचं हे चिठ्ठीवर लिहून देतो. आपण मात्र 'पुढील निर्णय होईपर्यंत' असं लिहितो. आणि पुढील निर्णय होत नाही, कारण कमिटी बदलते, पाळकांची बदली होते, आणि ज्यांना आठवतं ते बोलत नाहीत.

ही अक्कल नवी नाही. ३२५ साली नायसियाला भरलेल्या परिषदेच्या पाचव्या नियमात सांगितलं आहे की, वर्षातून दोनदा बिशपांनी एकत्र बसावं आणि बहिष्कृतांची प्रकरणं तपासावीत. कोणी बिशपच्या कोत्या मनामुळे किंवा भांडणामुळे तर बाहेर गेला नाही ना, हे बघावं. बिशपही रागावतो, हे त्यांनी सतराशे वर्षांपूर्वी कागदावर मान्य केलं होतं. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनापासून कोणाला थांबवलं तर पाळकाने जास्तीत जास्त १४ दिवसांत बिशपला कळवावं अशी सूचना आहे. मुदत, आढावा, वरच्याला जाब, ही तिन्ही आपल्याच परंपरेत होती. आपण फक्त थांबवणं लक्षात ठेवलं.

ठरावात असं काहीतरी असू द्या : "श्री. अमुक यांनी खजिनदारपद सोडावं. तीन महिने प्रभुभोजनापासून थांबावं. रक्कम दरमहा ३,००० रुपयांप्रमाणे परत करावी. सोबती म्हणून श्री. तमुक दर आठवड्याला भेटतील. अमुक तारखेला पाळक आणि दोन पंच आढावा घेतील. या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अमुक ठिकाणी अपील करता येईल." महिने आणि रक्कम प्रकरणाप्रमाणे बदलतील. पण सोबत्याचं नाव आणि आढाव्याची तारीख नसेल तर त्या ठरावावर सही करू नका. मी करत नाही. दोनदा त्यावरून बैठक रात्री अकरापर्यंत लांबली आणि लोक माझ्यावर चिडले.

आता काय थांबवायचं नाही ते. चर्चचं दार बंद करायचं नाही. तो मागच्या बाकावर येऊन वचन ऐकू शकतो. बायको-मुलांचं प्रभुभोजन, मुलाचं दृढीकरण (कन्फर्मेशन), शाळेच्या फीची मदत, यांना हात लावायचा नाही. आजारपणातली पाळकीय भेट थांबवायची नाही. आणि मातीला जागा नाकारायची नाही, कधीच नाही. त्याच्या घरी लग्न असेल तर जा. त्याचं दुकान असेल तर तिथूनच किराणा घ्या.

यामागे दया आहे तसा कायदाही आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला ३ जुलै २०१७ पासून. तो मुख्यतः जातपंचायतींच्या छळामुळे आला, पण त्याचे शब्द फक्त जातपंचायतीपुरते नाहीत. कोणाशी संबंध तोडायला लावणं, लग्न-अंत्यविधी अडवणं, प्रार्थनास्थळ किंवा दफनभूमी नाकारणं, हे त्यात बसतं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला, धर्मसंस्थेला आपले धार्मिक व्यवहार चालवायचा हक्क संविधानाच्या कलम २६ मध्ये आहे. दाऊदी बोहरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारबंदी कायदा रद्द केला होता, आणि त्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. आपण पंच, वकील नव्हे. म्हणून शिस्त पदापुरती आणि मेजापुरती, म्हणजे प्रभुभोजनापुरती, ठेवा, घरात, दुकानात आणि कब्रस्तानात शिरू देऊ नका, आणि ठरावाचा मसुदा मंडळीतल्या एखाद्या वकिलाला आधी दाखवा.

कायद्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून नातेवाइकांनी ज्यांचं ताट वेगळं केलं, असे आजोबा-आजी आपल्यातल्या कितीतरी घरांत आहेत. त्याही आधी ज्यांना गावाने विहिरीवर चढू दिलं नाही, असे पणजोबा आहेत. अशा घरातल्या माणसाला मंडळी हेच घर असतं. 'बाहेर' हा शब्द त्याच्या कानावर कसा पडतो, ते उच्चारायच्या आधी मनाशी एकदा म्हणून बघा.

मधले महिने

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण इथे कोणी काहीच करत नाही. २ थेस्सलनीकाकरांस ३:१५ मध्ये अशा माणसाला वैरी समजू नका, भाऊ समजून बोध करा असं आहे. आणि मत्तय १८:१७ मध्ये त्याला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा समज असं आहे. हे लिहून ठेवणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला. येशू जकातदारांशी कसा वागला? त्यांच्या घरी जेवायला गेला, आणि त्यावरून बोलणी खाल्ली.

सोबत्याचं काम सोपं दिसतं आणि दमवतं. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जायचं. दर वेळी पापाचा विषय काढायचा नाही. आमच्या खजिनदारांचे सोबती एक निवृत्त रेल्वे गार्ड होते. दर बुधवारी सकाळी दोघे तर्री-पोहे खायला जायचे. एक स्तोत्र वाचायचे, हप्त्याचं विचारायचे, बाकी अजनी यार्डातल्या गोष्टी. पहिले दोन महिने खजिनदार आराधनेला आलेच नाहीत. मी अस्वस्थ. गार्डसाहेब म्हणाले, "गाडी उभी आहे म्हणजे बंद पडली असं नाही. सिग्नल मिळाला नसंल."

ज्याचं नुकसान झालं त्याचाही एक सोबती नेमा. हे आम्ही पुष्कळ उशिरा शिकलो. फसवल्या गेलेल्या बायकोला, निंदा झालेल्या माणसाला विचारत राहायचं. "तुम्ही आता माफ करून टाका" असा तगादा त्यांच्यामागे लावायचा नाही. एक जण मंडळीत परत येतो म्हणून दुसऱ्याने त्याच्या शेजारी बसलंच पाहिजे असं नाही. गरज पडली तर एकाला सकाळच्या आराधनेला, दुसऱ्याला संध्याकाळच्या आराधनेला यायला सांगा.

पश्चात्ताप ओळखायचा कसा

रडण्यावरून नाही. मी सुंदर रडणारे पाहिले आहेत. लूक १९ मधला जक्कय रडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याने आकडे सांगितले. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेल्यांना चौपट. तेव्हा आढाव्याच्या दिवशी साध्या गोष्टी विचारा. हप्ते आले का? ते नातं तुटलं का? दारूसाठी तो मदतगटात जातो आहे का? पाप सांगताना तो अजून "पण त्यांनीही" असं म्हणतो आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो. हप्ता एखादा चुकला म्हणून मुदत वाढवू नका. का चुकला ते विचारा.

तीन महिन्यांनी काहीच हललं नसेल तर मुदत वाढवा, पण पुन्हा तारखेसह.

परत घेण्याचा दिवस

करिंथच्या मंडळीला पौलाने पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकाला दूर करा म्हटलं. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कोणा एका शिक्षा झालेल्याबद्दल तो लिहितो की, झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. दोन्ही ठिकाणचा माणूस तोच की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पंचाला त्याने फरक पडत नाही. 'पुरे' हा शब्द कोणीतरी मोठ्याने म्हणावा लागतो, आणि तो म्हणायचं काम आपलं आहे.

ज्यांना शिस्त जाहीर केली होती त्यांनाच परतणंही जाहीर करा. खाजगीत थांबवलं होतं तर खाजगीतच. जाहीर करायचं तर पाळकांनी दोन वाक्यं बोलावीत, प्रार्थना करावी, वडीलजनांनी उजवा हात द्यावा, आणि लगेच प्रभुभोजन. त्याला साक्ष द्यायला उभं करू नका. टाळ्या नकोत. हार तर नकोच. एकदा कोणीतरी आणला होता, बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. त्या दिवशी त्याच्या बाकावर कोण बसणार हे मात्र आधी ठरवा, आणि पुढचे चार रविवारही. आराधनेनंतर चहाच्या वेळी तो एकटा उभा राहिला, तर आत झालेलं सगळं वाया जातं.

मेजावर परत येणं आणि पदावर परत येणं या दोन गोष्टी आहेत. पहिली कृपेची, दुसरी विश्वासाची, आणि विश्वास भरून यायला वर्षं लागतात. काही पदं काहींना पुन्हा कधीच मिळू नयेत. मुलांशी गैरवागणूक केलेला माणूस संडे स्कूलच्या आसपास नको, त्याने कितीही पश्चात्ताप केला तरी. हे त्याला आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर त्याला ती नवी शिक्षा वाटत नाही.

कागदपत्रं बंद पाकिटात घालून पाळकांच्या कपाटात ठेवा. पुढच्या निवडणुकीत ते पाकीट उघडलं गेलं तर उघडणाऱ्याचं प्रकरण सुरू करा, पहिल्या पावलापासून. आणि रजिस्टरात एक रकाना वाढवा : 'परत घेतल्याची तारीख'. छापील रजिस्टरात तो नसतो, पट्टीने आखावा लागतो.

आमच्या खजिनदारांचे १८,००० सहाऐवजी आठ महिन्यांत फिटले. मेजावर मात्र ते पाचव्या महिन्यातच परत आले होते. ती तारीख मी शाईने लिहिली. हल्ली ते शनिवारी संध्याकाळी येतात, सतरंज्या झटकतात, पंख्यांच्या पात्या पुसतात, गीतांची पुस्तकं लावतात. रविवारी दानपेटी मोजायची वेळ झाली की आपणहून उठून बाहेर जातात आणि दारात उभे राहून लेकरांच्या चपला सरळ लावतात.